पित्त, चष्मा आणि ताटाची डावी बाजू

सकाळी डोकं दुखलं, उलटी झाली, की आमच्या घरात निदान ठरलेलं: पित्त. ह्यांना दोन महिने ‘पित्त’ होतं. कोकम झालं, आलेपाक झाला, मोरावळा झाला. उलटीनंतर डोकं हलकं व्हायचं, त्यामुळे माझी तर खात्रीच. मेंदूतल्या गाठीमुळे कवटीत दाब वाढला असला तरीही उलटीनंतर तात्पुरतं बरं वाटू शकतं, हे मला कुठं ठाऊक?

जुनं पित्त किंवा अर्धशिशी ओळखीची असते. जागरण, उपास, ऊन, काहीतरी कारण सापडतं. बघायचं ते हे, की पन्नाशीपर्यंत कधी न दुखलेलं डोकं आता दुखतंय का? पहाटे झोपेतून उठवतंय का? खोकल्यावर, वाकल्यावर, शौचाला जोर केल्यावर ठणकतंय का? आठवड्यागणिक वाढतंय का? तरीही नुसत्या डोकेदुखीमागे गाठ क्वचितच निघते, म्हणून लगेच एमआरआयला धावू नका. जोडीला आणखी काय आहे ते शोधा.

आमच्याकडे ते ‘आणखी’ होतं, पण प्रत्येक गोष्ट आम्ही वेगळ्याच खात्यावर टाकली. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत स्कूटरचा डावा आरसा दोनदा खांबाला घासला, तो अरुंद पार्किंगच्या नावावर. डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायची आणि ह्यांना कळायचंही नाही, ते चपलेच्या नावावर. जेवताना ताटाची डावी बाजू, चटणी-कोशिंबीर, तशीच राहायची. त्यावर मी चार दिवस रुसले होते. नवा चष्मा केला, तोही उपयोगाचा नाही.

माझी नणंद नर्स आहे. तिने ह्यांना समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला, ‘माझ्या नाकाकडे बघा’ म्हणाली आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने बोटं हलवली. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांना डावीकडची बोटं दिसत नव्हती. एकाच डोळ्याला कमी दिसलं तर दोष बहुधा डोळ्यात असतो. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेली, तर शोध मेंदूत घ्यायचा. अर्थात बोटं दिसली म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

दुसरं काम तिने सांगितलं ते कॅलेंडरवर. आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तिथेच लिहायचं: कितीला दुखलं, उलटी, चप्पल, अडखळणं. बोलताना नेहमीचा शब्द न सापडणं, हिशेबात चुका, शांत माणूस एकाएकी चिडका किंवा अगदी सुस्त होणं, हेही. हे रुग्णाला स्वतःला बरेचदा जाणवत नाही, घरच्यांनीच टिपायचं. पूर्वी फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर नवी डोकेदुखी अंगावर काढू नका, कारण तो मेंदूत पसरू शकतो.

मोठेपणी पहिल्यांदाच फिट आली तर तपासणी हवीच. फिट म्हणजे दरवेळी सगळं अंग आखडतं असं नाही. एकच हात थरथरणं, नसलेला जळका वास येणं, क्षणभर हरवल्यासारखं होणं, हीसुद्धा फिट असू शकते. आपल्याकडे फिट मेंदूतल्या क्षयाच्या गाठीने किंवा फीतकृमीच्या अळीनेही येते, तेव्हा लगेच कर्करोगाचं नाव घेऊ नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकाएकी अर्धं अंग लुळं पडलं, गुंगी वाढत गेली, तर १०८ लावा. ती वेळ कॅलेंडरची नाही.

बाकीच्यांनी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ‘डोकं दुखतं’ एवढ्यावर थांबू नये, कागद पुढे करावा. नेत्रतज्ज्ञांकडेही जा, नुसत्या चष्म्याच्या दुकानात नाही. थेंब घालून डोळ्याच्या मागचा पडदा पाहिला की नसेची सूज दिसू शकते, ह्यांची तशीच दिसली. मात्र सूज नसली म्हणून गाठ नाही, असंही नसतं. कॉन्ट्रास्ट एमआरआयआधी (म्हणजे शिरेतून औषध सोडून काढतात तो) क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बघणारी रक्ततपासणी सांगतात, मंगळसूत्र-अंगठी घरीच ठेवावी, अंगात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर आधी सांगावं. आणि निदान होईपर्यंत स्कूटरची किल्ली काढून घ्या. ह्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

आता आम्ही तपासणीला पनवेल लोकलने खारघरला, टाटाच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात जातो. फाइलमध्ये ते कॅलेंडरचं पान अजून आहे. न्यूरोसर्जननी ते उलटसुलट पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो डोक्याचा नव्हता. म्हणाले, ‘‘चप्पल निसटायला लागली ती नक्की कधीपासून?’’