फ्रेंच शब्द आधी तोडा, मग वाचा

फ्रेंच वाचताना सगळ्यात जास्त अडायला होतं ते ई आणि एन या दोन अक्षरांपाशी. दोन्हींचा उच्चार शब्द कुठे तुटतो त्यावर ठरतो. म्हणून नव्या शब्दावर आधी पेन्सिलने उभ्या रेघा मारा.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: शो-को-ला. दोन असतील तर मधून तोडा: पार-तीर. मात्र बी-एल, टी-आर अशा जोड्या आपल्या जोडाक्षरासारख्या एकत्र राहतात (ता-ब्लो), आणि सी-एच, पी-एच, जी-एन तर कधीच फोडायच्या नाहीत.

आता ई बघा. डोक्यावर खूण नसलेला ई तुकड्याच्या शेवटी आला तर ओठ किंचित गोल करून 'अ' म्हणा: र-गार-दे, म्हणजे बघणे. तुकडा व्यंजनाने बंद झाला तर तोच ई 'ए' होतो: मेर-सी. जोड व्यंजनसुद्धा तुकडा बंद करतं. 'बोलावणे'मध्ये एल एकच, म्हणून आ-प-ले, जे बोलताना 'आप्ले' होतं. 'तो बोलावतो'मध्ये दोन एल, म्हणून 'इल आपेल'.

हा 'अ' गळतो कधी? मराठीत 'करतो' लिहितो तीन अक्षरी, म्हणतो 'कर-तो'. तसाच शनिवार, 'सा-म-दी', बोलताना 'साम-दी' होतो. शुक्रवारात मात्र 'अ' टिकतो, वाँ-द्र-दी, कारण त्याच्याआधी दोन व्यंजनं आहेत. तो गाळला तर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात.

एनचं तसंच. स्वरानंतर त्याच तुकड्यात एन किंवा एम आला तर स्वर नाकातून काढा आणि जीभ टाळूला लावूच नका. मराठी माणूस हमखास इथे चुकतो, कारण आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे न्, म् होतो. 'चांगला' हे पुल्लिंगी 'बों' नुसतं नाकातून. स्त्रीलिंगी 'बॉन' मात्र अपवाद: दोन एन आणि पुढे ई, म्हणून तिथे न् स्पष्ट येतो. रेस्टॉरंट तोडा: रेस-तो-राँ. बंद तुकड्यातला ए, ए-यू या अक्षरांचा ओ, शेवटी नाकातला आ; टी मुका. जोर शेवटच्या तुकड्यावर, तोही हलकाच.

शब्द सुटे जमले की वाक्य घ्या. तिथे शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला चिकटतं. 'पतीत' (छोटी) आणि 'आमी' (मैत्रीण) मिळून प-ती-ता-मी होतं, 'ले' आणि 'आमी' (मित्र) मिळून ले-झा-मी; 'ले'च्या शेवटचा एरवी मुका एस इथे झ होतो, आणि हा झ 'जहाज'मधल्या ज सारखा. ऐकताना शब्द सुटे कळत नाहीत ते यामुळेच. एखाद्या संवादाचा लिखित मजकूर घ्या, शब्दांमधल्या जागा विसरून सलग रेघा मारा आणि मगच ध्वनिफीत लावा.