किडनीपर्यंत चढलेलं लघवीचं इन्फेक्शन: गोळी पुरेल की सलाईन लागेल?

थंडी वाजून १०१च्या वर ताप, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला ठणका, मळमळ आणि लघवीला जळजळ, हे सगळं एकदम आलं की इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असं धरावं. सोलापुरात घरच्यांचं पहिलं वाक्य मग ठरलेलं असतं: "डॉक्टर, सलाईन लावा." शिरेतलं औषध जास्त जोरकस, हा त्यामागचा समज चुकीचा आहे. लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी जवळजवळ पूर्णच रक्तात उतरते. पाहायचं ते एवढंच, की औषध त्या जंतूला लागू पडतं का आणि किडनीत पुरेसं पोचतं का.

जंतू कळायला कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) हवं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. लघवीची पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक बाटलीत घ्या. घरची धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. बाटली २ तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर २४ तासांपर्यंत टिकते. मे महिन्याच्या चाळिशीपार उन्हात अक्कलकोट-बार्शीहून गाडीच्या डिकीतून आणलेल्या नमुन्यात वाटेतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. बर्फाचा डबा वापरा. कॅथेटर (लघवीची नळी) दोन आठवड्यांहून जुना असेल तर तो बदलून नव्यातून नमुना घ्यावा. पेशंट गंभीर असेल तर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करायचं, रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

शिरेतूनच द्यावं लागतं ते अशा वेळी: वरचं बीपी ९०च्या खाली, धाप, बरळणं, पोटात गोळी न टिकणं, गरोदरपण, किंवा जंतूवर चालणारी गोळीच नसणं. खडा अडकून लघवी तुंबली असेल तर नुसतं औषध पुरत नाही. स्टेंट किंवा नळी टाकून तातडीने वाट मोकळी करावी लागते. मधुमेहींची सोनोग्राफी लवकर करावी.

सुरुवातीला बहुधा सेफ्ट्रायॅक्सोन १ ते २ ग्रॅम दिवसातून एकदा देतात. सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागणं) असेल किंवा आधीच्या रिपोर्टमध्ये ईएसबीएल जंतू (नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारा) असेल तर मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी. अमिकासिन वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहूनच. ते किडनीला आणि कानाला इजा करू शकतं.

ताप उतरणीला लागला, उलट्या थांबल्या, बीपी स्थिर झालं आणि रिपोर्टमध्ये चालणारी गोळी सापडली, की गोळीवर यावं. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत येता येतं. विनाकारण सुई ठेवली तर शीर सुजते, आणि यंत्रमागावर किंवा विड्यांवर पोट असलेल्या घराची रोजीही बुडते. सुधारणा होत असेल तर सलाईनचे दिवस धरून साधारण ७ दिवसांचा कोर्स पुरतो. मोजणी लागू पडलेल्या पहिल्या डोसापासून.

गोळ्यांमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा ५ दिवस, पण जंतूला चालत असेल तरच. आपल्याकडे ई. कोलाय (या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू) या औषधांना फार दाद देत नाही, म्हणून अंदाजाने सुरू करू नये. सर्वांत जास्त चूक इथेच होते: रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनपुढे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) दिसतो आणि तेच दिलं जातं. ही औषधं मूत्राशयाच्या इन्फेक्शनला उत्तम, पण किडनीच्या पेशींत पुरेशी पोचत नाहीत. सेफिक्झिमची गोळी घेतली तर औषध जेमतेम निम्मं शोषलं जातं आणि ईएसबीएलवर चालत नाही.

सिप्रो-लिव्होची गोळी ताक, दूध, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. गोळी या गोष्टींच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते; घाम आणि थरथर आली की तपासा. बीपीची टेल्मिसार्टन गोळी घेणाऱ्यांना को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर पोटॅशियम वाढू शकतं, रक्त तपासावं.

७२ तासांत ताप कमी झाला नाही तर नुसतं अँटिबायोटिक बदलत बसू नका. सोनोग्राफी किंवा सीटी करा: आत गळू, खडा किंवा तुंबलेली लघवी असू शकते.