गाणारी बाई डावीकडे का सरकतेय?

घरी स्पीकरची पहिली टू-वे जोडी बनवली, म्हणजे प्रत्येक डब्यात खालच्या सुरांना वूफर आणि वरच्या सुरांना ट्विटर. तेव्हा हे ड्रायव्हर एकाच मॉडेलचे, डबे एकाच प्लायचे, आवाज वूफर-ट्विटरमधे वाटून देणारे क्रॉसओव्हर एकाच सर्किटवरून, म्हटलं झालं काम. मग एक जुनं मोनो भावगीत लावलं. मोनो म्हणजे आवाज दोन्ही डब्यांच्या बरोबर मधून यायला हवा, तर बाई डावीकडे कपाटापाशी जाऊन गातायत!

पंधरा दिवस मी खोलीला शिव्या दिल्या, पडदे लावले, सोफा हलवला, घरच्यांची बोलणी खाल्ली. तुम्ही हे करू नका, सरळ अदलाबदल करा. आधी अॅम्पच्या मागच्या लेफ्ट-राइट वायरी फिरवा, आवाज उजवीकडे गेला तर भानगड अॅम्पमधे किंवा त्याच्या आधी. नाही गेला तर वायरी जागेवर आणून डबेच इकडचे तिकडे करा. माझा आवाज डब्याबरोबर गेला, मग क्रॉसओव्हर बदलून बघितले तर क्रॉसओव्हरबरोबर गेला.

ट्विटरच्या लाइनीत एकच कॅपॅसिटर होता, 8.2 मायक्रोफॅरडचा, पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेला साधा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक. कॅपॅसिटर मोजणारा एलसीआर मीटर लावला तर एक 7.5, दुसरा 8.9! दोन्ही 10 टक्के टॉलरन्समधे, म्हणजे छापील आकड्यापासून चालणाऱ्या फरकात, म्हणजे दुकानदाराला बोलायची सोय नाही. पण एकमेकांत क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीखाली आवाजात जवळपास दीड डीबीचा (डेसिबलचा) फरक, आणि गळ्याचा भाग नेमका तिथेच. छापील आकडा थोडा चुकला तर चालतं हो, डावं-उजवं सारखं पाहिजे. आता मी पाच टक्केवाले फिल्म कॅपॅसिटर सहा-आठ घेतो आणि मोजून जोड्या लावतो.

वूफरचंही तेच. चार घेतले, रेझोनन्स (वूफर ज्या फ्रिक्वेन्सीला आपसूक सगळ्यात जास्त हलतो ती) निघाले 48, 55, 50 आणि 54 हर्ट्झ, मग 48-50 एक जोडी, 54-55 दुसरी. शंभर ओहमचा रेझिस्टर, साउंडकार्ड आणि आरईडब्ल्यू हे फुकटातलं मोजणीचं सॉफ्टवेअर, एवढ्यात मोजून होतं, फक्त नवे वूफर आधी काही तास वाजवून घ्या, कोन धरून ठेवणारं सस्पेन्शन सुरुवातीला कडक असतं. बीबीसीच्या एलएस 3/5ए या छोट्या मॉनिटर स्पीकरमधे तर सुरुवातीला ट्विटरची लेव्हल जुळवायला क्रॉसओव्हरवर टॅपवाला (टप्प्याटप्प्याने लेव्हल कमी-जास्त करता येणारा) ऑटोट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे ही डोकेदुखी त्यांनाही होतीच.

शेवटी एक टेस्ट, माझी आवडती. दोन्ही डबे तोंडाला तोंड लावून ठेवा, एकाची पोलॅरिटी उलटी करा (प्लस-मायनस वायरी अदलून) आणि मोनो पिंक नॉइज, म्हणजे टेस्टसाठीचा सगळ्या सुरांचा सळसळाट, सोडा. जोडी जुळली असेल तर दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात आणि एकदम दबतात, उरलेली खरखर म्हणजे तुमच्या दोन डब्यांतला फरक. माझ्याकडे अजून वरच्या बाजूला थोडी उरतेच, ट्विटर बदलायचेत, आणि बदलले तर दोन्ही.