वीस अक्षरांच्या कवितेवरून चिनी पद्धतीचं निसर्गचित्र कसं काढावं

चीनमधले जुने विद्वान-चित्रकार पोटासाठी चित्रं काढत नसत. बहुतेक जण अधिकारी किंवा कवी. ज्या कुंचल्याने कविता लिहायची, त्यानेच डोंगर काढायचे. त्यांच्यातलाच एक कवी-चित्रकार सू शी (१०३७–११०१) तर म्हणायचा, हुबेहूबपणावरून चित्र जोखणाऱ्याची समज लहान मुलाची. म्हणून सुरुवात कवितेपासून करा.

मी नवशिक्यांना थांग राजघराण्याच्या काळातला कवी ल्यू झोंगयुआन याची ‘जियांग श्वे’, म्हणजे ‘नदीवरचा बर्फ’, सुचवते. राजकारणात हरल्यावर ८०५ साली त्याची रवानगी दूर दक्षिणेत योंगझोऊला झाली. ही कविता तिथली. ओळी चार, अक्षरं वीस. साऱ्या डोंगरांवरून पाखरं नाहीशी झालीत, साऱ्या वाटांवरच्या पाऊलखुणा पुसल्यात. एकाच होडीत गवताचं इरलं पांघरलेला म्हातारा बर्फात गळ टाकून बसलाय. सावकाश, पुन्हा पुन्हा वाचा. पहिल्या दोन ओळी जग रिकामं करतात. तेव्हा काय काढायचं नाही, ते आधी ठरवा: पाखरं नाहीत, वाटा नाहीत.

साहित्य थोडंच लागतं. बकरीच्या केसांचा मऊ कुंचला, एक ताठ केसांचा, शाईची कांडी, ती उगाळायचा दगड आणि शुआन कागद, म्हणजे चिनी चित्रांसाठीचा खास कागद. कच्चा कागद शाई झटकन पितो आणि पसरवतो. तुरटी-सरस लावलेला पसरू देत नाही. पहिल्या चित्राला दुसरा घ्या.

सहाणेवर गंध उगाळतो तशी कांडी थोड्या पाण्यात गोल फिरवत उगाळा. घाई नको, कविता मनात मुरायला हाच वेळ मिळतो. मग तीन वाट्यांत गडद, मध्यम आणि अगदी फिकी शाई करा.

आधी होडी, कागदाच्या खालच्या भागात, बोटाच्या पेराएवढी. ताठ कुंचल्याने दोन रेघा, त्यावर म्हातारा आणि त्याची टोपी. एवढंच गडद. पाणी काढू नका. होडीखाली एखादी फिकी रेघ पुरे.

आता डोंगर. कुंचला जवळजवळ कोरडा करून तुटक कडा काढा आणि माथे कोरे सोडा. बर्फासाठी पांढरा रंग लागत नाही, कागदच बर्फ आहे. मऊ कुंचल्याने आकाशाचा भाग पाण्याने ओलावून तिथे फिकी शाई फिरवा. आकाश मळकट होतं आणि माथे आपोआप उजळतात. मला या सगळ्या कलेत सर्वात सुंदर वाटतो तो हा क्षण. शाई डोंगरात शिरली तर खोडता येत नाही, नवा कागद घ्यायचा.

वरच्या मोकळ्या जागेत कविता लिहितात. चिनी अक्षरं येत नसतील तर ती नुसती गिरवू नका, त्याच कुंचल्याने मराठीत लिहा. शेवटी नावाचा लाल शिक्का.

ओली शाई वाळल्यावर फिकी पडते, म्हणून चित्र दुसऱ्या दिवशी भिंतीला टाचून पाहा. डोंगर पुसट वाटले तर आकाशावर आणखी एक फिका हात फिरवा. डोंगराला हात लावू नका.