ई-ऑफिस आलं, तरी कागदी फाईल फिरतेच? कार्यालयप्रमुखांनो, या चुका टाळा

ई-ऑफिस, म्हणजे सरकारी फाईल संगणकावरच हाताळायची प्रणाली, असलेल्या कार्यालयात कागदी नस्त्या (फायली) पुन्हा दिसू लागल्या, की सर्व्हर आणि नेटच्या नावाने ओरड सुरू होते. आधी साहेबांचं टेबल बघा.

‘प्रिंट काढून आणा, सही करतो’ हे वाक्य प्रमुखांच्या तोंडून एकदा निघालं, की सगळी साखळी कागदावर चालते. मंजुरी मिळाल्यावर टिपणी स्कॅन करून ई-फाईलला डकवली जाते. काम दुप्पट, आणि फाईल कोणाकडे किती दिवस पडून होती याचा माग पुसला जातो. महाराष्ट्राच्या बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या 2005 च्या अधिनियमानुसार साधी फाईल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहायला नको. हे तपासणार कशावरून? म्हणून कागदी फाईल बंद होण्याची तारीख जाहीर करा आणि त्यानंतर समोर आलेली प्रत्येक नवी कागदी नस्ती सही न करता परत पाठवा. ‘तातडीची असेल तर चालेल’ अशी सवलत ठेवू नका; दुसऱ्याच दिवशी सगळ्या फायली तातडीच्या होतात.

टपाल घेणाऱ्या आवक शाखेकडे प्रमुख सहसा फिरकत नाहीत, घोळ तिथूनच सुरू होतो. टपालाची नोंद करताना विषयात नुसतं ‘अर्ज’ लिहिलं, तर महिन्याभराने शोध घेतल्यावर शेकडो ‘अर्ज’ येतात. गाव, गट क्रमांक, कशाबद्दल (उदाहरणार्थ शेतरस्ता), अर्जदाराचं आडनाव, एवढं हवंच. पहिले काही दिवस रोज दहा नोंदी स्वतः उघडून बघा.

टिपणीचंही तसंच. ई-ऑफिसमध्ये पिवळी टिपणी म्हणजे कच्ची, हिरवी म्हणजे पक्की. पिवळ्या टिपणीत दुरुस्ती करता येते, हिरवी झाली की ती कायमची. कच्चा मसुदा आधी पिवळ्यावरच वर पाठवायची शिस्त लावा.

सर्वांत घातक चूक म्हणजे डिजिटल सहीचा डोंगल (संगणकाला जोडायचं यूएसबी उपकरण) पिनसकट स्वीय सहायकाकडे देणं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार ती सही सांभाळण्याची जबाबदारी सहीधारकाचीच आहे. वेळ वाचतो हे खरं, पण चुकीच्या आदेशावर सही झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

एप्रिल-मेच्या बदल्यांत तर फायली जुन्या अधिकाऱ्याच्या इनबॉक्समध्येच अडकतात. कार्यमुक्तीच्या आदेशावर सही करण्याआधी त्यांचा इनबॉक्स रिकामा झाल्याची खात्री करा, ई-ऑफिसचं काम बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडून प्रणालीत त्या पदाला नव्या अधिकाऱ्याचं नाव जोडून घ्या आणि नवा अधिकारी रुजू होईल त्याच दिवशी त्याची डिजिटल सही नोंदवा.