पाऊस उघडल्यावर पंप सुरू करताना: मीटरवरचं 'शून्य' लगेच खरं मानू नका

पावसाने उघडीप दिली की बरेच दिवस बंद असलेला पंप चालू करायची घाई होते. तेवढ्या काळात स्टार्टरच्या पेटीत ओल शिरलेली असते, कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचच्या) फटीत मुंग्यांनी माती भरलेली असते, केबलचा एखादा जॉइंट चिखलात बसलेला असतो. अशा वेळी डिजिटल मल्टिमीटर फार कामाचा आहे. पण तो नीट धरला नाही, तर त्याच्याइतकं फसवणारं दुसरं काही नाही.

पेटी उघडण्याआधी मीटरच तपासा. वायर प्रोबमध्ये, म्हणजे मीटरच्या टोकदार सळईत, जिथे शिरते तिथे बोटांनी थोडी वाकवून बघा. आतली तांब्याची तार डोकावत असेल तर टेप गुंडाळून भागवू नका, नवीन जोडी घ्या. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट आणि ओहमच्या भोकात. तिसरं भोक '१० ए' असतं, ते अँपिअर मोजायचं. त्याच्या आत जवळजवळ सरळ तांब्याची पट्टीच असते. लाल वायर चुकून तिथे राहिली आणि टोकं दोन फेजना लावली, तर मीटरमधूनच शॉर्टसर्किट होतं. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो, आणि मग मीटर हातातच फुटतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्या भोकावर आजच चिकटपट्टी लावून टाका. मोटर किती अँपिअर घेते ते क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा अडकवून मोजणाऱ्या मीटरने) बघावं, वायर तोडावी लागत नाही. स्टार्टरवर वापरायचा मीटर किमान 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' दर्जाचा असावा. हा सुरक्षिततेचा दर्जा भोकांच्या शेजारीच छापलेला असतो.

आता त्या शून्याबद्दल. मेन स्विच पाडला, टोकं लावली, मीटरने शून्य दाखवलं आणि हात घातला, इथेच घात होतो. डायल डीसी व्होल्टवर राहिला असेल तर ४१५ व्होल्टच्या जिवंत एसी लाइनवरही मीटर शून्याच्या आसपासच आकडा दाखवतो. प्रोबची वायर आतून तुटली असेल तरी तेच. म्हणून क्रम असा ठेवा: वीज चालू असल्याची खात्री असलेल्या जागी आधी मीटर लावून आकडा येतो का बघा, मग बंद केलेल्या जागी मोजा, आणि लगेच पुन्हा त्या चालू जागी लावून बघा. तिसऱ्या वेळीही बरोबर आकडा आला, तरच मधलं शून्य खरं. आणि ते शून्य एकाच जोडीवर बघून चालत नाही. तिन्ही फेज एकमेकांशी, प्रत्येक फेज न्यूट्रलशी आणि प्रत्येक फेज अर्थिंगशी मोजा. स्विच पाडूनही एखादी फेज आत चिकटून राहिलेली असू शकते.

याच्या उलटही होतं. लांब केबलमधल्या मोकळ्या तारेवर मीटर ४०-६० व्होल्ट दाखवतो, कारण शेजारच्या चालू तारेचा परिणाम त्याला जाणवतो. पण तो आकडा खोटाच आहे असं ठरवून तार हातात घेऊ नका. पुरवठा पूर्ण तोडून पुन्हा मोजा.

पुरवठा तपासताना मोटर बंद ठेवा आणि स्टार्टरच्या येणाऱ्या बाजूला मोजा. तिन्ही जोड्यांवर ४१५ च्या आसपास, जवळजवळ सारखे आकडे हवेत. मोटर फिरत असताना एक फेज गेली, तर मोटर स्वतःच त्या तारेवर व्होल्टेज तयार करते. मीटरला सगळं ठीक दिसतं आणि इकडे वाइंडिंग जळत असतं.

ओहम (तारेचा रोध) फक्त वीज पूर्ण तोडून आणि मोटरच्या तारा स्टार्टरमधून सोडवूनच मोजा. सिंगल फेज मोटरचा कॅपॅसिटर वीज गेल्यावरही भरलेला राहतो, त्यामुळे तो आधी रिकामा करून घ्या, पण स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून नव्हे. थ्री फेज मोटरच्या वाइंडिंगचे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. मग एक टोक वाइंडिंगला आणि एक मोटरच्या बॉडीला लावा. आकडा कमी आला तर मोटर नक्की बिघडली आहे. पण 'ओएल' (आकडा मीटरच्या मर्यादेपलीकडचा) आलं म्हणजे मोटर चांगली, असं नाही. मल्टिमीटर हे माप काही थोड्या व्होल्टवरच घेतो, त्यामुळे ओल खाल्लेलं इन्सुलेशन (तारेवरचं वीजरोधक आवरण) त्याला सापडेलच असं नाही. पावसात भिजलेल्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून बघणारा वायरमन बोलवा.

सौर पंप असेल तर डायल डीसीवर घ्या, आणि मीटरची डीसी मर्यादा आधी वाचा. ओळीने जोडलेल्या पॅनेलचं व्होल्टेज काही शेकड्यांत जातं, आणि ऊन आहे तोवर स्विच पाडूनही पॅनेलच्या तारा जिवंतच असतात. पंप चालू असताना पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

हे सगळं कोरड्या फळीवर, कोरडी चप्पल-बूट घालून आणि सोबत एक माणूस ठेवून करा. काळ्या प्रोबला मगरचिमटा लावून तो अडकवला की एक हात मोकळा राहतो, तो पेटीपासून लांब ठेवा. खांबावरची किंवा तुटून पडलेली तार मीटरने तपासायची नसते. तिथून लांब उभं राहून इतरांनाही अडवा आणि वीज कंपनीला कळवा. घरी आल्यावर मीटर पुसून, डायल बंदवर आणून ठेवा. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर सेल त्याच दिवशी बदला, कारण सेल उतरला की आकडे चुकायला लागतात.