भांडखोर सिक्लिडसाठी सहा फुटी टाकी कशी उभारावी

दुकानातून आणताना सिक्लिड कुळातला ऑस्कर मासा बोटाएवढा असतो आणि दीडेक वर्षात फूटभर होतो. जग्वार, रेड डेव्हिल, फ्लॉवरहॉर्न यांचीही वाढ तशीच, शिवाय आपली जागा ठरली की तिथे दुसऱ्याला ते टिकू देत नाहीत. तीन फुटी टाकीत हरलेल्या माशाला पळायला जागाच नसते. म्हणून इथलं सगळं माप 6 × 2 × 2 फुटांच्या टाकीचं आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण 680 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर 600 लिटर धरा.

आधी पाणी, मग मासा

मासे पसंत करायच्या आधी घरात येणारं पाणी तपासा. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या जांभ्या पट्ट्यात विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं. चिकोडी, निपाणी, अथणीच्या काळ्या मातीत बोअरचं पाणी जड असतं: साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. तरी अंदाजावर जाऊ नका. पीएच, कठीणपणा आणि अमोनिया मोजणारं थेंबांचं किट घ्याच.

जड पाण्यात आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे छोटे सिक्लिड, खुलतात, त्यांना 7.8 ते 8.6 पीएच मानवतो. जग्वार आणि रेड डेव्हिल मध्य अमेरिकेतले, त्यांनाही थोडं जड पाणी चालतं. ऑस्कर अमेझॉनचा, तो हलक्या पाण्यात सुखी. फ्लॉवरहॉर्न हा संकर आहे, तो दोन्हीकडे जमवून घेतो. मलावीचे आणि अमेरिकेचे मासे मात्र एका टाकीत ठेवू नका. त्यांचं पाणी, खाणं आणि भांडणाची रीत, सगळंच वेगळं.

पाणी हलकं असेल तर पोल्ट्रीच्या खाद्यात घालतात तो शिंपल्याचा चुरा किलोभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. नाहीतर काही महिन्यांत पीएच एकदम खाली येतो, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे धापा टाकू लागतात.

वजन

600 किलो पाणी, सव्वाशे किलो काच, वाळू-दगड आणि स्टँड मिळून वजन 900 किलोच्या आसपास जातं. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरतात; ही टाकी त्याच्या चौपट भार टाकते. तळमजला सर्वांत बरा. वरच्या मजल्यावर ठेवायचीच असेल तर इंजिनिअरला दाखवून बीमवर, भिंतीला लागून ठेवा. जुन्या घराच्या लाकडी माडीवर अजिबात नको.

स्टँड बेळगावच्या उद्यमबागेतला कोणताही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. दोन इंची चौकोनी पाइप, किमान 2 मिमी जाडीचा, सहा पाय, प्रत्येक पायाखाली सहा इंची पट्टी. फरशीवर बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथे पाय टेकवू नका. स्टँडवर 18 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर 12 मिमी थर्माकोल, मग टाकी. थर्माकोल वाचवायला जाऊ नका. प्लायवर राहिलेला वाळूचा एक खडाही तळाच्या काचेला तडा देऊ शकतो.

काच 12 मिमी, वरच्या कडेला चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलंच हवं; बाथरूमसाठी मिळणारं माशांना विषारी ठरू शकतं. चिकटवल्यावर आठ दिवस सुकू द्या, अंगणात सपाट स्टँडवर भरून दोन दिवस ठेवा, मगच घरात न्या.

संप आणि करंट

एवढ्या घाणेरड्या खाणाऱ्यांना वरचा छोटा फिल्टर पुरत नाही. खाली 150 लिटरचा संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, बसवा. वरच्या टाकीतून सांडणारं पाणी त्यात उतरतं; ते परत वर चढवायला ताशी 4 ते 5 हजार लिटरचा पंप लावा. हीटर संपातच ठेवा, 300 वॅटचे दोन. टाकीत ठेवला तर ऑस्कर शेपटीच्या फटक्याने फोडतो. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री हीटरशिवाय पाणी 26 अंशांवर राहत नाही. दोन अशासाठी, की एक अडकून चालूच राहिला तरी पाणी उकळत नाही, आणि एक बंद पडला तरी ते एकदम थंड होत नाही.

संपात सगळ्यात जास्त होणारी चूक करंट गेल्यावर कळते. पंप थांबला की वर पाणी सोडणाऱ्या पाइपातून टाकीतलं पाणी उलटं खाली येतं. या टाकीत 1 सेंमी उंची म्हणजे 11 लिटर. पाइपाचं तोंड 4 सेंमी बुडालेलं असेल तर 45 लिटर पाणी परत येणार, आणि संपात तेवढी जागा नसेल तर ते हॉलमध्ये पसरणार. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला काडी फिरवा. मग मुद्दाम पंप बंद करा, पाणी कुठवर चढतं ते पाहा आणि संप चालू असताना पाणी किती ठेवायचं याची मार्करने रेघ मारा.

पावसाळ्यात खानापूर भागात तासन्‌तास वीज नसते, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअरपंप जवळ हवाच. बोर्डला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावा. वायरला पॉइंटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता तिथूनच खाली ठिबकतो.

दगड आधी, वाळू नंतर

हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड दोन दिवसांत कलंडतो आणि काच जाते. म्हणून तळावर पातळ फोम, त्यावर दगड, आणि मग धुतलेली 50 किलो वाळू. दगडावर लिंबू पिळा; बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. शिंपल्याच्या एका पिशवीपेक्षा तो फार जास्त होतो, म्हणून असा दगड ऑस्करच्या टाकीत नको, म्बुनाला चालेल. दगडांचे दोन-तीन वेगळे ढीग करा, म्हणजे एका माशाला दुसरा सतत दिसत राहत नाही.

महिनाभर रिकामी

नळाच्या पाण्यातला क्लोरिन आधी घालवा: 200 लिटरच्या बॅरलला 3 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट). मग जिवाणू वाढवायचे. त्यांना अमोनिया मिळावा म्हणून शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) 4 ग्रॅम टाका. कल्हईसाठी मिळतो तो नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच. 24 तासांत अमोनिया आणि त्यापासून होणारा विषारी नायट्राइट दोन्ही शून्य होऊ लागले की टाकी तयार. याला 4 ते 6 आठवडे लागतात, घाई करू नका.

मासे सोडताना

सगळे एकाच दिवशी, एकाच मापाचे, दोन-तीन इंची सोडा. म्बुना 25 ते 30 ठेवा. गर्दीत मार वाटला जातो, एकावर येत नाही. अमेरिकन मासे मात्र मोजकेच: दोन-तीन ऑस्कर पुरेत, आणि मोठा फ्लॉवरहॉर्न एकटाच. नंतर नवा मासा सोडायचाच असेल तर दगडांची मांडणी बदला आणि दिवा बंद ठेवा, म्हणजे जुन्यांचीही हद्द मोडते. जाळीचं झाकण पक्कं बसवा, पाठलागात मासे बाहेर उडी मारतात.

दर आठवड्याला एक बॅरल पाणी बदला. जिवाणूंच्या कामातून शेवटी उरणारा नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला 40 मिलिग्रॅमच्या) वर जाऊ देऊ नका. खायला दाणे द्या, म्बुनांना स्पिरुलिना शेवाळाचे. जिवंत मासे खाऊ घातले तर त्यांच्याबरोबर रोगही टाकीत येतात.

एखादा मासा वरच्या कोपऱ्यात पृष्ठभागाशी उभा राहिला, पर फाटले, खाण्याला पुढे येईना, तर त्याच दिवशी भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी मधे घाला किंवा त्याला वेगळं काढा. जोडी जमून अंडी घातली की बाकीच्यांसाठीही तसंच करा. जास्त झालेला मासा दुकानदाराला परत द्या. राकसकोप तलावात, मलप्रभा किंवा घटप्रभा नदीत सोडला तर तिथल्या मूळ माशांची अंडी-पिल्लं तो खातो.